परसातला आडोसा

पनवेल, ता. ९ फेब्रुवारी १९५८

ती. बाय,

परसाच्या आडोशाला खरोखर काय लागलं ते एकदा मांडून टाकतो. बांबूच्या तट्ट्या चौदा. सागाचे डांब नऊ. काथ्याच्या दोन गुंड्या. दोन गड्यांचे चार दिवस. एवढं मी गिरणीवर भात घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. सांगत नाही ते असं : शेजारच्या कमळाकररावांचा सकाळचा नमस्कार गेला, तुझी भावजय हौसा तीन आठवडे माझ्याशी भिंतीकडे तोंड करून बोलली, आणि तू गेलीस.

शेवटची तट्टी गडी बांधत होता तेव्हा तू धुण्याच्या दगडावरून उठलीस. "ही कनाला?" एवढंच विचारलंस. मी म्हणालो, "तुझ्यासाठीच, बाय. वरच्या गॅलरीतून लोक बघतात, तुला अवघड नको." तू तट्टीवरून हात फिरवलास, जसा मिठाच्या राशीवरून फिरवायचीस, ओलं आहे का सुकं बघायला. मग आत जाऊन बोचकं बांधलंस आणि उरणची एस. टी. धरलीस. सहा वर्षं भावाच्या या घरात राहिलीस, जाताना सहा शब्द बोलली नाहीस.

करंजाला मालूकडे तू सुखात असशील. मावसबहीण असली तरी ती तुला सख्ख्यासारखी. पण तुझ्या भाचीचं, भामाचं, लग्न वैशाखात धरलं आहे, चार मेला, आणि भामाच्या लग्नात धवला तूच म्हणायचा हे ती पाळण्यात होती तेव्हापासून ठरलेलं. धवले गाऊन लग्न लावणारी तुझ्यासारखी धवलारीण पनवेल तालुक्यात नाही. तुझं कपाळ रिकामं झालं तरी लोक तुला गाडी पाठवून नेत आले, कारण आपल्यात धवलारणीचं कुंकू कोणी बघत नाही, गळा बघतात. तर राग सोड आणि ये.

शांती, तू मालूच्या घरात चौथीपर्यंत शिकलेली सून, म्हणून ही कामगिरी तुझ्या गळ्यात. अक्षर लागलं नाही तर अंदाजानं वाच, पण मोठ्यानं वाच. ओटीवर सगळे ऐकायला बसले असतील. मालूला म्हणावं, हसू नकोस.

तुझा
काशीराम


पनवेल, ता. २३ फेब्रुवारी १९५८

ती. बाय,

पत्राचं उत्तर नाही. समजलो.

तू गेल्यावर मी एक दिवस तुझ्या दगडावर जाऊन बसलो. म्हटलं, ज्याच्यासाठी आडोसा केला त्याच्या जागेवरून तो कसा दिसतो ते तरी बघावं. आणि बाय, मलाच माझं हसू आलं. तट्टी माझ्या डोक्याच्या हातभर वर, आणि तट्टीच्या वर कमळाकररावांची सबंध गॅलरी, तिच्यात वाळत घातलेले त्यांचे लेंगे, आणि लेंग्यांच्या मधून त्यांच्या पत्नी चंद्रावतीबाई तांदूळ निवडताहेत. मला बघून त्यांनी पदर सारखा केला. वरून बघणाऱ्याला कुंपण काय करणार? चौदा तट्ट्या बांधून मी फक्त शेजारच्या बकऱ्या अडवल्या.

मग मी डोकं चालवलं. आडोसा बघणाऱ्याच्या बाजूला उभा करायचा नसतो, बसणाऱ्याच्या जवळ करायचा. डोळ्यापुढे धरलेला तळवा आख्खा डोंगर झाकतो, तसं. सगळं परस झाकायची गरजच नाही. दगड, विहिरीचा काठ आणि तू भाजी निवडायला बसतेस ती पायरी, एवढं झाकलं की झालं. दगडावर बसून मी गणूला काठी घेऊन फिरवला, "डावीकडे, अजून डावीकडे, हां, आता गॅलरी गेली." तिथे खुणा केल्या. चार डांब पुरून वर मांडव घालतोय. आत्ता नारळाच्या झावळ्या टाकतो, खाली दुधी आणि दोडका लावलाय, वैशाखापर्यंत वेल वर चढेल. कडेला अडुळसा. अडुळशाला बकरी तोंड लावत नाही. विहिरीपाशी केळीची तीन रोपं, सांडलेल्या पाण्यावर वाढतील.

गणू म्हणाला, "शेट, आत्याबाय नाय तर हा मांडव कोनासाठी?" लॉरी चालवणाऱ्यानं लॉरी चालवावी, असं त्याला सांगितलं.

तुला वाटत असेल, काशाला एवढं काय लागलं गॅलरीचं. तुला ठाऊक नाही, मला सगळं ऐकू येतं. गिरणीचा पट्टा सैल झाला की ओटीवर बसून कळतं मला, मिस्त्रीच्या आधी. गेल्या मार्गशीर्षात तू धुणं धूत हळदीचा धवला म्हणत होतीस, तेव्हा चंद्रावतीबाई त्यांच्या बहिणीला म्हणाल्या, "काशीरामशेटची बहीण लागली बघ गायला. आमचा रेडिओ तरी बंद करता येतो. ह्याला बटणच नाही." आणि दोघी हसल्या. मला लागलं ते. तुला हसलेलं मला कसं सोसेल? आपला बापूस खाडीत गेला तेव्हा मी पाच वर्षांचा. मिठागरात डोक्यावर पाट्या वाहून तू मला वाढवलंस, शाळेत घातलंस. आज माझी गिरणी आहे, लॉरी आहे, मामलेदार मला 'या काशीरामशेट' म्हणतो. त्या माणसाच्या बहिणीला कोणी हसायचं? म्हणून आडोसा. दुसरं काही नाही.

भामा विचारते, आत्या कधी येणार. मी सांगतो, येईल. माझा शब्द बायनं कधी मोडलेला नाही.

काशीराम


पनवेल, ता. १६ मार्च १९५८

ती. बाय,

मांडव झाला. आता मी छातीवर हात ठेवून सांगतो, पनवेलच्या सगळ्या बाजारपेठेत असं परस दुसरं नाही. दगडावर बसलं की वर फक्त झावळ्या, बाजूला हिरवं, आणि उन्हाचे ठिपके अंगावर. न्हा, धू, मशेरी लाव, पाय पसरून बस, कोणाच्या बापाला दिसणार नाही. काल नगरपालिकेचे दोन मेंबर मुद्दाम बघायला आले. त्यांच्या बायकांना असंच पाहिजे आहे. मी त्यांना म्हटलं, हे सगळं मी माझ्या बहिणीसाठी केलं. दोघांनी मान हलवली.

आता लग्नाचं. नवऱ्या मुलाचे वडील धर्मराज अलिबागकडचे, मुलगा शाळामास्तर. माणसं आपल्याच जातीची, पण सुधारलेली. त्यांना भटजी लागेल, बँड लागेल, अक्षता-मंगलाष्टकं लागतील. पुढे रस्त्यावर मोठा मांडव घालतोय, निमंत्रणं छापायला दिली. मामलेदार येणार, डॉक्टर येणार, कमळाकररावही येतील, नमस्कार करोत न करोत.

आणि तुझा धवला कुठे? तेही मी बसवलं आहे. पहाटे, पाहुणे उठायच्या आधी, परसातल्या मांडवात. भामाला दगडावर बसवू, तू हळद लावताना सगळे धवले म्हण, एकही गाळू नकोस. चारी बाजूंनी झाकलेलं, घरची माणसं तेवढी. सात वाजेपर्यंत आटपलं की पुढे भटजी सुरू करतील. तुझंही होईल, त्यांचंही होईल. कोणाला कोणाची अडचण नाही.

मला वाटतं हे ऐकून तू हसशील आणि म्हणशील, काशा डोक्यानं लई तल्लख.

शांती, ह्या पत्राचं उत्तर तिच्याकडून वदवून घे आणि लिहून पाठव. तुझ्यासाठी गणूच्या हाती बांगड्या पाठवतो.

काशीराम


पनवेल, ता. ३० मार्च १९५८

ती. बाय,

शांतीचं कार्ड आलं. बांगड्या आवडल्या हे वर लिहिलं आहे, खाली तुझं. तिनं तू बोललीस तसंच्या तसं उतरवलं आहे, त्यामुळे वाचताना तुझा आवाज आला.

"काशा, तू चोरून लगीन लावतंस काय रं? मांडव गावाला दिसाया घालतात. धवला आईकला नाय कोनी तं लगीन झाला हे कोनाला कलनार? तुजे परसात तू भटाला बसव, मी रस्त्याव बसते."

बाय, हे तुझं बोलणं मालूच्या ओटीवर सगळ्यांनी ऐकलं असेल आणि सगळे हसले असतील. मीही हसलो असतो. पण मी पनवेलात राहतो, करंजात नाही. इथे माणसाला त्याच्या ओटीवरून मोजतात. माझी मुलगी मास्तराच्या घरी चालली आहे. पुढे रस्त्यावर तू धवला लावलास, भटजी मुहूर्ताचं घड्याळ हातात धरून उभा, बँडवाले बिड्या ओढताहेत, वर गॅलरी भरलेली, हे मला डोळ्यांसमोर आणवत नाही. यात तुझा अपमान कुठे आला? पहाटेच गा म्हणतो, गाऊ नको म्हणत नाही.

आणि कार्डाच्या शेवटी तू जे विचारलंस, "त्या दिशी तू पावन्यांना काय सांगितलास?" ते मला कळलं नाही. कुठला दिवस? पाहुणे भामाला बघायला आले तो दिवस असेल तर त्यांना चहा दिला, पोहे दिले, गिरणी दाखवली. मी तुझ्याबद्दल काहीच बोललो नाही.

तू अशी कार्डं सगळ्यांसमोर लिहवून घेऊ नकोस. कार्ड पोस्टमनसुद्धा वाचतो.

काशीराम


पनवेल, ता. ६ एप्रिल १९५८
(पाकीट बंद. गणूच्या हाती.)

शांती, हे ओटीवर वाचायचं नाही. मालूलासुद्धा नाही. आत्याला घेऊन जिथे तिसरं माणूस नसेल तिथे जा आणि हळू वाच. वाचून झालं की चुलीत टाक. परस झाकायला मी चार महिने घालवले आणि तुला लिहिलेलं पत्र आजवर सगळ्या करंजाच्या समोर उघडं टाकत आलो, हे आत्ता ध्यानात येतंय.

बाय,

गेल्या पत्रात मी खोटं लिहिलं. कुठला दिवस ते मला ठाऊक होतं.

धर्मराज, त्यांची मंडळी आणि मुलाचे मामा ओटीवर बसले होते. भामा पोह्यांच्या बश्या घेऊन आली होती. परसातून तुझा आवाज येत होता. मामांनी विचारलं, "कोण गातं हो?" सरळ विचारलं, त्यात काही खोच नव्हती. मी गॅलरीतलं ते बटणाचं बोलणं आठ दिवस पोटात घेऊन हिंडत होतो. आणि माझ्या तोंडून गेलं, "कामाला ठेवलेली म्हातारी आहे. गाते वेड्यासारखी."

भामाच्या हातातली बशी वाजली. मी तिच्याकडे बघितलं नाही.

आणि त्याच क्षणी परसातलं गाणं थांबलं. अर्ध्या ओळीवर. मी स्वतःला समजावलं की तुझं धुणं संपलं असेल. चार महिने समजावतोय. माझे कान तिखट म्हणून मी गावभर मिरवतो, पण ते मला आपल्या आईकडून आले आणि तुलाही तिच्याकडूनच आले, हे मी सोयीनं विसरलो. ओटीपासून दगडापर्यंत मधे दोन दारं आहेत, दोन्ही उघडी होती.

मग मी तट्ट्या आणल्या. तुला कोणी बघू नये म्हणून, असं सगळ्यांना सांगितलं, हौसेला सांगितलं, तुला तोंडावर सांगितलं. तू तट्टीवर हात फिरवलास आणि तुला कळलं की कोणाला कोणापासून झाकायचं चाललंय. हौसेलाही कळलं होतं. ती भिंतीकडे तोंड करून बोलायची ते त्याचसाठी.

गॅलरीतल्यांनी तुला माझी बहीण म्हणून हसून घेतलं. मी तर बहीणसुद्धा म्हटलं नाही. चंद्रावतीबाईंचा मला राग यायचा, पण हिशेब केला तर त्यांचं बोलणं माझ्याहून बरं.

तू हे मालूकडे कोणाला सांगितलं नाहीस. सांगितलं असतंस तर मालूनं इथे येऊन मला चौकात धुतला असता. तू झाकलंस. मला झाकलंस.

मी आणखी काय लिहू? रस्त्यावर बस. मी मांडव पुढे घालतो, एकच. भटजींना सांगितलं आहे, तुमची वेळ धवल्यानंतर. त्यांनी तोंड वाकडं केलं. मुहूर्ताचं म्हणाले तेव्हा मी म्हटलं, मुहूर्त तेवढा सांभाळा, बाकी आम्ही सांभाळतो. नाही आलीस तरी मांडव एकच राहील आणि धवला कोणी म्हणणार नाही. दुसरी धवलारीण मी बोलावणार नाही.

काशा


पनवेल, ता. १८ मे १९५८

ती. बाय,

तू परत करंजाला जाऊन बारा दिवस झाले. तू इथे होतीस तेव्हा माणसांच्या गर्दीत मला बोलता आलं नाही, आणि एकटी सापडलीस तेव्हा जमलं नाही. म्हणून लिहितो. हे ओटीवर वाचलं तरी चालेल, शांती. आता झाकण्यासारखं काही उरलं नाही.

ते पाकीट पोचवून गणू परत आला तेव्हा मी त्याला गिरणीच्या दारातच धरलं. "वाचलं?" "वाचलान. जाळी सुकत घातलेली, तिच्या मागं बसून." "ऐकून काय म्हणाली?" "काय नाय. उठली नि बोंबील उलटे करायला गेली." महिनाभर मी त्या बोंबलांचा अर्थ लावत बसलो.

मग दोन मेला दुपारी लॉरी थांबली आणि तू शांतीचा हात धरून उतरलीस. नमस्कार करायला वाकलो तर म्हणालीस, "उट. पाट दुखल." घरातून सरळ परसात गेलीस. मी मागे. दगडावर बसलीस, वर झावळ्यांकडे बघितलंस, दुधीचा वेल हातात घेतलास, "किडा लागलाय, राख टाक," म्हणालीस, आणि उठून पुढे आलीस. मला वाटलं होतं काहीतरी म्हणशील. राखेचंच म्हणालीस. टाकली मी राख.

हळदीच्या दिवशी तू रस्त्याकडे तोंड करून बसलीस ते मी जन्मभर विसरणार नाही. पहिल्या दोन धवल्यांना माझी मान खाली होती, खोटं कशाला सांगू. तिसऱ्याला कोपऱ्यावरचा सायकलवाला हातातलं चाक सोडून उभा राहिला. मग चंद्रावतीबाई खाली आल्या. हौसेनं पाट दिला तर म्हणतात कशा, "मांडवामुळे वरून काही दिसेना हो, म्हणून आले." बसल्या त्या शेवटपर्यंत. भामाच्या कपाळाला हळद लावताना तुझा आवाज कापला. मला ऐकू आला. दुसऱ्या कोणाला आला नसेल.

लग्नाच्या जेवणाच्या पंगतीत मी धर्मराजांच्या पानाशी जाऊन वाकलो. जिलेबीचं ताट हातात धरलेलं. म्हटलं, "व्याही, तुम्ही आमच्याकडे पहिल्यांदा आलात तेव्हा मी एक खोटं बोललो. ती म्हातारी कामाला नाही. माझी थोरली बहीण. तिनंच मला वाढवलं."

ते पानातली जिलेबी मोडत होते. "ठाऊक हाय आमाला."

"कधीपासून?"

"त्याच दिशी. आमची मंडळी परसात पाय धुवायला गेली ती बगून आली. म्हनाली, शेटचं नि त्या बाईचं नाक एक हाय, नि शेट तिला कामवाली म्हंतो." मग माझ्याकडे बघून हसले, वाईट नाही हसले. "आमी मोडनारच होतो ही सोयरीक. पोरगी तुमच्याकडं बगत होती ना बशी धरून, तिचा तोंड बगून नाय मोडली. आनि शेट, आमचंबी लगीन धवलारनीनंच लावलं हाय. तुमी आमाला काय साहेब समजलात काय?"

मी त्यांच्या पानात आणखी जिलेबी वाढली. दुसरं काय करणार?

तू निघालीस त्या सकाळी मी म्हटलं, "बाय, राहा ना आता. सगळं तुझ्या मनासारखं करतो. तट्ट्या काढून टाकतो." तू पान जमवत होतीस. म्हणालीस, "मना कोन बगतंय याची मना कंदी लाज नव्हती, काशा. तुज्या तट्ट्या, तू ठेव नायतर काढ." मग सुपारी तोंडात टाकलीस. "आनि मना कामं हायत. मुलेखंडाला दोन हळदी, केगावला एक. रागानं नाय चालले. कामाला चालले."

कामाला हा शब्द तू मुद्दाम टाकलास की सहज आला, ते मी विचारलं नाही. गणूनं हॉर्न वाजवला.

कमळाकरराव सकाळी नमस्कार करतात आता. भामाचं पत्र आलं, सासरी बरी आहे, सासूबाई धवले शिकव म्हणून तिच्या मागे लागल्या आहेत आणि तिला चारच येतात. उरलेले तू तिला सांगशील, शांतीकडून लिहवून. मी भाद्रपदात येईन करंजाला, राहायला जागा कर. ओटीवर चालेल.

आणि परस. मी पाणी घालतो रोज. मांडव गच्च झाला आहे, दुधी हातभर लोंबताहेत, केळी कमरेएवढ्या झाल्या. हौसेनं घरातच मोरी बांधून घेतली, नळ आला म्हणून. भामा गेली, तू गेलीस. दोन्ही मेंबरांच्या बायका येऊन बघून गेल्या, म्हणाल्या कुठूनच काही दिसत नाही.

परसात आता कोणी बसत नाही.

तुझा
काशा